स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तासाठी शुश्रूषागृह पारखताना

पहिली भेट वेळ ठरवून द्यावी. दुसरी मात्र न कळवता, संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान द्यावी, कारण स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता दिवस कलताना वाढते आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी घुटमळणाऱ्या आजींशी तिथल्या मावशी कशा बोलतात, यातून त्या जागेची खरी ओळख पटते. आजींचा हात धरून अंगणात दोन फेऱ्या मारून आणणारी मावशी माझ्या मते वातानुकूलित खोलीपेक्षा मोलाची आहे.

जेवणाच्या वेळी थांबावे. वरणभात मऊ कालवून, आधीचा घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा दिला जातो का, हे पाहावे. घाईने भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती माणसे असतात, रुग्णाला कधी बांधून ठेवतात का आणि झोपेची औषधे कोणत्या डॉक्टरांच्या लेखी सूचनेने देतात, हे स्पष्ट विचारावे व उत्तर टाळले गेल्यास दुसरी जागा पाहावी. स्नानगृहात आधाराचे दांडे हवेत. अनामत रक्कम, डायपरचा खर्च आणि रुग्णालयात हलवण्याची जबाबदारी करारात लिहून घ्यावी. पुढे गैरवागणुकीची शंका आल्यास ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवता येते.