नवी वेबसाइट करायची का? आधी जुनीवरून एक ऑर्डर देऊन बघा

लोकर, विणकामाच्या सुया, बटणं असलं सामान मी ऑनलाइन विकते. दुकान छोटं आहे. पार्सलं मीच बांधते, वेबसाइटही मीच सांभाळते. तीन वर्षांपूर्वी मी ती वेबसाइट मुळापासून बदलली, कारण जुनी मला बघवत नव्हती. नवी झाली देखणी. मैत्रिणींनी तोंड भरून कौतुक केलं आणि त्यानंतर ऑर्डरी अशा रोडावल्या की चिकटपट्टीचं एक रीळ संपता संपेना.

चूक कुठे झाली ते कळायला बरेच दिवस गेले. जुन्या साइटवर ‘स्वेटरला लोकर किती लागते’ असं एक साधं पान होतं. दिसायला गबाळं, म्हणून नव्या साइटवर मी ते घेतलंच नाही. गूगलवरून येणारी निम्मीअधिक माणसं त्याच पानावर उतरत होती, हे मला ते पान गेल्यावर समजलं.

यंदा पुन्हा तीच खाज सुटली, तेव्हा आधी तपासणी करायची आणि मगच ठरवायचं असं मनाशी पक्कं केलं. ती तपासणी कशी केली ते लिहिते.

वीट कोणाला आलाय?

मालक आपली साइट दिवसातून वीस वेळा उघडतो. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं, तेही सुया कुठे आहेत एवढंच शोधत. त्यामुळे पहिलं काम कागदावर करायचं: साइट का बदलायची ते एका वाक्यात लिहा, पण त्या वाक्यात गिऱ्हाईक असलं पाहिजे. ‘साइट जुनाट दिसते’ यात गिऱ्हाईक कुठेच नाही. ‘मोबाइलवर छटा नीट निवडता येत नाही म्हणून लोक मेसेज करून विचारतात’ यात आहे. मी सहा कारणं लिहिली होती. त्यातली चार माझीच निघाली आणि एक माझ्या भावाचं, ज्यानं आजवर माझ्याकडून लोकरीचा एक गुंडा घेतलेला नाही.

गेल्या काही महिन्यांतले गिऱ्हाइकांचे मेसेजही चाळा. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याचं उत्तर साइटवर नाही किंवा आहे तिथे कोणाला दिसत नाही.

फोन दुसऱ्याच्या हातात द्या

आधी स्वतः एक ऑर्डर द्या. मोबाइलवर, वायफाय बंद करून, लॉगिन न करता, पैसे भरून, अगदी शेवटपर्यंत. मग तेच दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा आणि आपण शेजारी गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड जातं.

मी मावशीला बसवलं. ती चाळीस वर्षं विणतेय, पण माझ्या साइटवर कधी गेली नव्हती. म्हटलं, ‘तुला हवी तशी राखाडी लोकर मागव.’ छटा निवडायचे गोल टिकलीएवढे, आणि एकमेकांना चिकटून. तिनं राखाडीवर बोट ठेवलं, निवडला गेला निळसर राखाडी. खाली छटेचं नाव लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिला ते कळलंच नाही. पुढे पत्ता भरायला गेली तर चौकटीत बोट लावताच सगळा पडदा एकदम मोठा झाला आणि बटण बाहेर गेलं. तिनं हात मागे घेतला. ‘माझ्याकडून काही बिघडलं का गं?’

बिघडलं माझ्याकडून होतं. चौकटीतल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असला की आयफोनवर सफारी ब्राउझर आपणहून झूम करतो. मी तो १४ ठेवला होता, नाजूक दिसतो म्हणून. शेवटच्या पायरीवर पार्सलचा खर्च रकमेत मिळवला गेला, तेव्हा ती म्हणाली, ‘हे मधूनच कुठून आलं?’ आणि फोन खाली ठेवला.

या तिन्ही गोष्टी मी रोज बघत होते आणि एकही मला दिसली नव्हती. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलं होतं, की अशी पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. माझं काम तिघांतच झालं. तिसरा माणूस नवं काही सांगेना.

आता आकडे

गूगल सर्च कन्सोल म्हणजे गूगलच्या शोधातून साइटवर कोण कसं येतं ते दाखवणारं फुकट साधन. त्यात मागच्या १६ महिन्यांची माहिती मिळते. कोणत्या पानावर किती लोक येतात ती यादी उतरवून ठेवा. पुढे साइट बदला न बदला, ही यादी हाताशी हवीच. माझ्याकडे तेव्हा ती असती तर ते गबाळं पान मी फ्रेम करून ठेवलं असतं.

साइटवर आल्यावर लोक काय करतात ते मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये चार आकडे पुरतात: वस्तूचं पान किती जणांनी पाहिलं, कार्टमध्ये किती जणांनी टाकलं, चेकआउटला, म्हणजे पत्ता आणि पैसे भरायच्या पायरीला, किती पोचले, पैसे किती जणांनी भरले. मोबाइल आणि कॉम्प्युटरचे आकडे वेगवेगळे काढा आणि तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. लोकरीच्या धंद्यात उन्हाळ्याची तुलना थंडीशी केली तर दर वर्षी दुकान बुडाल्यासारखं वाटेल. कार्ट भरून निघून जाणाऱ्यांचा आकडा बघून मात्र दचकू नका. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने गोळा केलेल्या अनेक अभ्यासांची सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आहे. नुसतं बघायला येणारे सगळीकडेच असतात.

मोबाइलवर लोक कार्टपर्यंत येतात आणि पत्त्यापाशी गळतात, असं दिसलं तर दुखणं चेकआउटचं आहे. मुखपृष्ठाचा रंग बदलून ते बरं होणार नाही. वस्तूच्या पानावरूनच परत जात असतील तर फोटो, माप, किंमत, परत करण्याचे नियम हे आधी बघा.

पान किती वेगानं उघडतं ते तपासायला गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची अपेक्षा. खऱ्या वापरातली माहिती ते मागच्या २८ दिवसांची दाखवतं, पण छोट्या साइटवर तेवढी वर्दळ नसेल तर फक्त चाचणीचा आकडा मिळतो. माझं दुखणं फोटोंचं होतं. कॅमेऱ्यातून निघालेला चार हजार पिक्सेल रुंद फोटो मी चारशे पिक्सेलच्या चौकटीत बसवत होते. फोटो लहान करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवायला दोन संध्याकाळी लागल्या.

कोणी ‘ए/बी टेस्ट करा’, म्हणजे निम्म्या लोकांना जुना आणि निम्म्यांना नवा नमुना दाखवून तुलना करा, म्हणालं तर आधी हिशोब करा. शंभरातले दोघे खरेदी करत असतील आणि त्यात २० टक्क्यांची वाढ झाली की नाही हे भरवशानं कळायला हवं असेल, तर दोन्ही नमुन्यांना साधारण वीस-वीस हजार माणसं लागतात. माझ्याकडे तेवढी गोळा व्हायला लोकरीला कसर लागेल. छोट्या दुकानानं सरळ एक बदल करावा, महिनाभर तक्रारी आणि ऑर्डरी बघाव्यात, मग दुसरा करावा.

मग मोडून नवी कधी बांधायची?

दुरुस्त्यांची यादी झाली की प्रत्येकीपुढे लिहा: आहे त्याच साइटवर जमेल का? माझ्या अकरा दुरुस्त्यांपैकी नऊ जमण्यासारख्या निघाल्या. दुरुस्तीमागून दुरुस्ती एकाच भिंतीला जाऊन अडत असेल, तर ती भिंत पाडायलाच हवी. अशा भिंती म्हणजे: थीमला (साइटचा तयार साचा) किंवा प्लगइनला (वरून जोडलेली सोय) सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालंय, साधी छटा वाढवायला दर वेळी डेव्हलपरची मनधरणी करावी लागते, पूर्वी चाळीस वस्तू होत्या आणि आता चारशे झाल्यामुळे जुनी वर्गवारी उसवलीय, किंवा तुम्ही विकताय तेच बदललंय. यातलं पहिलं कारण असेल तर वाटच बघू नका.

खर्च मोजताना फक्त डेव्हलपरचे पैसे धरू नका. प्रत्येक वस्तूचं वर्णन नव्यानं बसवणं, फोटो पुन्हा कापणं, बिलांचे नमुने, ईमेलचे मजकूर, हे सगळं तुमच्याच माथी येतं. मागच्या वेळी मी त्यासाठी एक आठवडा धरला होता आणि पावणेतीन महिने घालवले.

करायचंच ठरलं तर जुन्या पानांचे सगळे पत्ते काढा आणि प्रत्येकाला नव्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जाईल. सगळ्यांना मुखपृष्ठावर ढकलून मोकळं होऊ नका. हिरव्या लोकरीसाठी आलेल्या माणसाला हिरवी लोकरच दिसायला हवी. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. हंगामाच्या तोंडावर नवी साइट उघडू नका. शक्य असेल तर रूप, पत्ते आणि वर्गवारी एकदम बदलू नका, नाहीतर काय नडलं ते शोधता येत नाही.

आणि जुन्या गिऱ्हाइकांची खाती जपा. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरने २०१४ च्या फेब्रुवारीत प्रचंड खर्चून नवी साइट आणली, तेव्हा जुन्या ग्राहकांना पुन्हा नोंदणी करावी लागली. पुढे जूनअखेरच्या तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. तेवढं मोठं दुकान असा धक्का पचवतं. माझ्याकडे तोवर चिकटपट्टीसुद्धा उरली नसती.

यंदा मी साइट मोडली नाही. गोल मोठे केले, प्रत्येकाखाली छटेचं नाव टाकलं, अक्षरं १६ वर नेली, पार्सलचा खर्च वस्तूच्या पानावरच लिहिला आणि लोकर किती लागते ते पान पुन्हा लिहून काढलं. परवा मावशीला पुन्हा बसवलं. राखाडी लोकर नीट कार्टमध्ये गेली, पत्ता भरताना पडदा जागचा हलला नाही. पैसे भरून झाल्यावर ती म्हणाली, ‘सुया घ्यायच्या राहिल्या गं, त्या इथे दिसल्याच नाहीत.’

ती दुरुस्ती आता बारावी.