थंडीत ड्रिपमधून खत सोडताय? आधी बॅरलचा तळ बघा

संध्याकाळी ढवळून ठेवलेलं खत सकाळी बॅरलच्या तळाला खडे होऊन बसलेलं दिसलं की पहिला संशय मालावर जातो, डुप्लिकेट दिलंय म्हणून. तसं असूही शकतं, पण थंडीच्या दिवसात आधी पाणी किती गार झालंय ते बघा, कारण पाणी गार झालं की त्याची क्षार धरून ठेवायची ताकद कमी होते आणि जास्तीचं खत परत खड्याच्या रूपात बाहेर पडतं.

१३:००:४५ चंच बघा ना, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट (नावातले आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाशचे टक्के). २० अंशाला एक लिटर पाण्यात हे साधारण ३१५ ग्रॅम विरघळतं, १० अंशाला जेमतेम २१० च्या आसपास. म्हणजे दुपारच्या उन्हात २०० लिटर पाण्यात ५० किलो टाकलं तर छान विरघळेल, पाणी स्वच्छ दिसेल, आणि पहाटे पारा १० वर आला की त्यातलं ८ किलोच्या आसपास तळाला बसेल, मग तुम्ही वरचं पाणी सोडणार आणि पिकाला डोस कमी मिळणार. शिवाय हे खत विरघळताना स्वतःच पाण्यातली उष्णता ओढून घेतं, युरियाही तसंच करतो, बादलीत टाकून ढवळा आणि बाहेरून हात लावून बघा, बादली चटकन गार पडलेली लागते. म्हणून थंडीत थोडं थोडं टाकायचं, मध्ये पाण्याला सावरायला वेळ द्यायचा, आणि हद्दीपर्यंत जायचंच नाही, निम्म्यावर थांबलेलं बरं. ००:००:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, तर मुळातच कमी विरघळणारं, २० अंशालाही लिटरला ११० ग्रॅमच्या आसपास, त्याला पाणी जास्तच लागतं.

ढवळल्याने खत लवकर विरघळतं, जास्त विरघळत नाही, हे लक्षात असू द्या. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते, त्यामुळे ते क्षाराचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ओढून सुटे करतात आणि त्यांच्याभोवती गराडा घालून ठेवतात, पण त्यालाही मर्यादा आहे, ती भरली की तासभर काठी फिरवून उपयोग नाही. तळाला बसलेलं खत मात्र वाया गेलेलं नसतं, थोडं कोमट पाणी घाला, परत विरघळेल.

आता खरी भीतीची गोष्ट. कॅल्शियम नायट्रेट एकाच टाकीत १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट) बरोबर, मॅग्नेशियम सल्फेटबरोबर किंवा ००:००:५० बरोबर कधीच टाकू नका!! यातलं प्रत्येक खत एकेकटं पाण्यात विरघळतं, पण एकत्र आले की जोड्या बदलतात, कॅल्शियम फॉस्फेटला जाऊन चिकटतं नाहीतर सल्फेटला, आणि जे नवीन तयार होतं ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. सल्फेटबरोबर झालं ते जिप्सम, लिटरला अडीच ग्रॅमसुद्धा धड विरघळत नाही आणि पाणी कोमट करून काही फरक पडत नाही. ही खतं वेगवेगळ्या दिवशी सोडा, मध्ये लाईन साध्या पाण्याने धुवून घ्या.

बोअरचं पाणी जड असेल तर त्यात कॅल्शियम आधीच असतं, तिथे नुसतं फॉस्फेटवालं खत टाकलं तरी पाणी दुधाळ होऊ शकतं, म्हणून टाकीत ओतायच्या आधी काचेच्या बरणीत त्याच पाण्यात त्याच प्रमाणात कालवा आणि दोनेक तास ठेवा, जमलं तर रात्रभर बाहेर थंडीत ठेवा. गढूळ झालं किंवा खाली साका बसला तर ते मिश्रण ड्रिपमध्ये नको.

फवारणीची पावडर, म्हणजे डब्ल्यूपी (वेटेबल पावडर), ही मुळात विरघळतच नाही, पाण्यात तरंगत राहते, म्हणून आधी थोड्या पाण्यात पेस्ट करून मग टाकीत, आणि फवारताना अधूनमधून हलवत राहायचं.

ड्रिपर चोकअप झालेच तर एक काढून कापून बघा. आतला पांढरा थर चुन्याचा असेल तर ॲसिडचा थेंब टाकल्यावर फेसाळतो आणि ॲसिड ट्रीटमेंटने निघतो (ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हातमोजे आणि चष्मा घालूनच). जिप्समचा थर फेसाळत नाही आणि ॲसिडला सहज दादही देत नाही, तिथे बऱ्याचदा लॅटरलच, म्हणजे ड्रिपर बसवलेली नळीच, बदलावी लागते.