अमेरिकेत तारणाची नोंद करताय? यूसीसी-१ भरताना या चुका टाळा

पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या कारखानदाराने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला उधारीवर मशीन पाठवलं, की बिलावर एक ओळ हमखास असते: पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी आमची. त्या ओळीवर भिस्त ठेवणं ही पहिली चूक. एकदा मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलं, की तिथल्या कायद्याच्या लेखी तुमच्याकडे मालकी उरत नाही, फार तर तारण उरतं. तेही गिऱ्हाइकाने करारावर सही केली असेल तर. आणि गिऱ्हाईक दिवाळखोरीत गेलं, तर नोंद नसलेल्या तारणाला कोणी विचारत नाही. तारण नसलेल्या चहा-कॉफी पुरवणाऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं.

ही नोंद यूसीसी-१ नावाच्या फॉर्मवर होते. यूसीसी म्हणजे युनिफॉर्म कमर्शियल कोड, अमेरिकेतल्या राज्यांचा व्यापारविषयक कायदा. बहुतेक राज्यांत तो सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (परराष्ट्रमंत्री नव्हे, त्या राज्याचा नोंदी ठेवणारा अधिकारी) कार्यालयात भरतात. जॉर्जियात मात्र काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढवताना तलाठी कागद बघतो, मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतो. तिथे असलं काही नाही. रकाने भरलेत का, फी आली का, एवढंच कार्यालय बघतं. नाव बरोबर आहे का, कर्ज खरं आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून पोचपावती मिळाली की काम झालं, असं समजू नका.

मशीन टेक्ससमध्ये, नोंद कुठे?

मशीन टेक्ससच्या शेडमध्ये आहे म्हणून टेक्ससमध्ये नोंद करणारे कमी नाहीत. नियम वेगळा आहे. गिऱ्हाईक कंपनी ज्या राज्यात स्थापन झाली, तिथे नोंद करायची. कंपनी डेलावेअरची असेल तर डेलावेअरमध्ये, मग तिथे तिचं एक टेबलही नसो. कंपनी नसून एकट्याचा धंदा असेल, तर मालक राहतो ते राज्य. वाहनांचा प्रकार निराळा: ट्रकवरचा बोजा सहसा त्याच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, चढवावा लागतो, यूसीसी-१ तिथे उपयोगाचा नाही.

नाव: सगळं इथेच अडतं

रजिस्टर कर्जदाराच्या, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाच्या, नावाने शोधलं जातं. त्या कार्यालयाच्या नेहमीच्या शोधपद्धतीने बरोबर नाव टाकल्यावर तुमची नोंद सापडली नाही, तर ती कायद्याने दिशाभूल करणारी, म्हणजे निरुपयोगी. फ्लोरिडातली एक केस बघा. कंपनीचं नाव ‘१९४४ बीच बुलेवार्ड, एलएलसी’. बँकेने फॉर्मवर बुलेवार्ड पूर्ण न लिहिता ‘बीएलव्हीडी’ हे चार अक्षरी लघुरूप लिहिलं. कर्ज सुमारे तीस लाख डॉलरचं. कंपनी दिवाळखोरीत गेली, तिने बोट ठेवलं ते या लघुरूपावर. २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: अशा शोधात नोंद सापडली तरच नावातली चूक माफ होते, आणि फ्लोरिडात शोधाची तशी प्रमाण पद्धतच नाही, तेव्हा ती माफ होणार नाही. आणि राज्याच्या संकेतस्थळावर यादी थोडी मागेपुढे सरकवली असती, तर ती नोंद दिसत होती!

तेव्हा व्हिजिटिंग कार्ड, दुकानाची पाटी, ईमेलची सही यांवरून नाव उतरवू नका. पाटीवरचं धंद्याचं नाव तर चालतच नाही. राज्याकडे दाखल झालेल्या स्थापनेच्या कागदावर जसं आहे तसं, स्पेसिंगसकट घ्या.

व्यक्तीच्या बाबतीत बहुतेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सवरचं नाव धरतात. आपल्या लोकांची इथे खास गंमत होते. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, लायसन्सवर कधी वडिलांचं नाव गळालेलं, कधी आडनावाला चिकटलेलं. तुम्हाला खरं नाव कितीही ठाऊक असो, चालू लायसन्सची प्रत मागून घ्या.

नोंद झाल्यावर आठवड्याभरात त्याच नावाने स्वतः शोध घेऊन बघा. सापडली नाही तर लगेच दुरुस्ती करा. मधल्या काळात दुसऱ्या कोणाची नोंद झाली असेल तर मात्र तो पुढे गेला. गिऱ्हाइकाने नंतर नाव बदललं आणि जुनी नोंद नव्या नावाने सापडेनाशी झाली, तर चार महिन्यांच्या आत दुरुस्ती हवी. नाहीतर त्यानंतर आलेल्या मालावर तारण लागत नाही.

तारखा

उधारीवर दिलेल्या मशीनला कायदा एक सवलत देतो. मशीन पोहोचल्यापासून २० दिवसांत नोंद केली, तर आधीपासून सगळ्या मालमत्तेवर बोजा असलेल्या बँकेच्याही पुढे तुमचा नंबर लागतो. पुनर्विक्रीचा माल असेल तर ही सवलत नाही. तिथे माल पोहोचण्याआधीच नोंद हवी आणि त्या बँकेला लेखी कळवायला हवं.

नोंद पाच वर्षं चालते. मुदतवाढ शेवटच्या सहा महिन्यांतच मागता येते. हुशारी करून चौथ्या वर्षीच मागितली, तर ती मागितली नाही असंच धरतात. मुदत उलटली तर नवी यूसीसी-१ भरता येते, पण रांगेतला जुना नंबर परत मिळत नाही.

रद्द करताना

बोजा उतरवायचा, बदलायचा किंवा मुदत वाढवायची, सगळ्यासाठी यूसीसी-३. जनरल मोटर्सने २००८ मध्ये एक जुना व्यवहार मिटवला, तेव्हा रद्द करायच्या यादीत तीन नोंदी आल्या. त्यातली तिसरी दुसऱ्याच, दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची होती. कंपनी, कर्ज देणाऱ्यांची प्रतिनिधी बँक जेपी मॉर्गन, दोन्हीकडचे वकील, कोणाच्याही लक्षात आलं नाही. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. २०१५ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं: बोजा उतरवायचा बँकेचा हेतू नसेल, पण तो कागद दाखल करायला तिनेच परवानगी दिली होती, म्हणून रद्द झालं ते झालं. यूसीसी-३ वर मूळ नोंद ओळखली जाते ती तिच्या क्रमांकावरून. तो क्रमांक टाकून मूळ कागद उघडून बघितल्याशिवाय सही करू नका.

कर्ज तुमच्याच डोक्यावर असेल तर

अमेरिकेत मोटेल किंवा किराणा दुकान चालवणाऱ्या अनेकांच्या धंद्यावर कोविड काळातल्या एसबीएच्या (अमेरिकी सरकारची लघुउद्योगांसाठीची संस्था) ईआयडीएल, म्हणजे आपत्ती कर्जाचा बोजा आहे. २५ हजार डॉलरच्या वरच्या कर्जाला तारण होतं. फेडलं की बोजा आपोआप उतरतो, हा गैरसमज. धंद्याच्या कर्जात लेखी मागणी करा, म्हणजे कर्ज देणाऱ्याला २० दिवसांत बोजा रद्द केल्याची नोंद द्यावी लागते. त्याने टाळलं तर ठरलेल्या अटींवर तुम्ही स्वतः ती दाखल करू शकता. उलट, पाच वर्षांनी नोंद संपली म्हणून कर्ज संपत नाही.

आणि नोंद झाल्यावर सरकारी वाटणारं एखादं पत्र येईल, ‘तुमच्या यूसीसीची प्रत घ्या, इतके डॉलर भरा’. बऱ्याचदा ती खासगी कंपन्यांची जाहिरात असते. नोंदी राज्याच्या संकेतस्थळावर स्वतःच शोधता येतात.