अमेरिकेतील सरकारी खर्चाच्या पूर्वप्राथमिक वर्गात मुलाचा प्रवेश कसा घ्यावा

अमेरिकेत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी सरकारी पैशावर चालणारे सगळे वर्ग एकाच यंत्रणेचे नाहीत, आणि पालकांचा गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो. १९६५ मध्ये सुरू झालेला 'हेड स्टार्ट' हा केंद्र सरकारचा कार्यक्रम प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे, तर 'प्री-के' म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचे वर्ग राज्यांचे किंवा शहरांचे असून त्यांचे नियम जागोजागी बदलतात. म्हणून अर्जाला हात घालण्यापूर्वी आपले मूल कोणत्या वर्गाच्या अटींत बसते, ते पाहावे.

पहिली पायरी वयाची. जॉर्जिया आणि फ्लोरिडा या राज्यांत १ सप्टेंबरपर्यंत मुलाला चार वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. न्यूयॉर्क शहरात मात्र जन्माचे वर्ष पाहिले जाते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये चार वर्षांचे होणारे मूल न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षी पात्र ठरते आणि फ्लोरिडात त्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. या तिन्ही ठिकाणच्या प्री-केला उत्पन्नाची अट नाही.

हेड स्टार्टसाठी उत्पन्न मोजले जाते आणि केंद्र सरकार दरवर्षी कुटुंबाच्या आकारानुसार जाहीर करते त्या दारिद्र्यरेषेशी ते ताडले जाते. कुटुंबाला 'स्नॅप' म्हणजे अन्नसाहाय्य मिळत असेल, घर नसेल किंवा मूल सरकारी व्यवस्थेतून सांभाळासाठी दुसऱ्या कुटुंबात ('फॉस्टर केअर') राहत असेल, तर उत्पन्न कितीही असले तरी मूल पात्र ठरते. मर्यादेपेक्षा थोडे अधिक उत्पन्न असलेल्यांसाठीही काही जागा असतात आणि निवड गरजेच्या निकषांवर होते. तेव्हा आपणच आपल्याला अपात्र ठरवून अर्ज टाळू नये.

कागदपत्रांत मुलाच्या वयाचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार किंवा वीजबिल) आणि लसीकरणाची नोंद बहुतेक ठिकाणी मागतात. आर्थिक अडचणीमुळे घर गमावून नातेवाइकांकडे राहावे लागत असेल, तर ते शाळेला स्पष्ट सांगावे. बेघर मुलांच्या शिक्षणासाठीच्या मॅककिनी-व्हेंटो या केंद्रीय कायद्यानुसार सार्वजनिक शाळांना अशा मुलांना कागदपत्रे अपुरी असली तरी ताबडतोब दाखल करून घ्यावे लागते आणि शाळा-जिल्ह्याच्या ('स्कूल डिस्ट्रिक्ट', म्हणजे परिसरातील सार्वजनिक शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) पूर्वप्राथमिक वर्गांनाही हा नियम लागू आहे.

भारतातून आलेल्या कुटुंबांनी सर्वाधिक काळजी लसीकरणाची घ्यावी. भारतीय कार्डावर तारीख आधी दिवस, मग महिना अशी लिहिलेली असते आणि अमेरिकेत ती उलटी वाचली जाते. म्हणून डॉक्टरांकडे कार्ड देताना महिन्यांची नावे अक्षरांत लिहिलेली यादी सोबत द्यावी. गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात, पण पहिल्या वाढदिवसापूर्वीची मात्रा अमेरिकेत धरली जात नाही. सरकारी दवाखान्यातील गोवर-रुबेलाच्या लसीत गालगुंडाची लस नसते, कांजिण्यांची लसही भारताच्या सरकारी वेळापत्रकात नाही, आणि राज्याच्या यादीत या दोन्ही असतील तर त्या नव्याने घ्याव्या लागतात. काही लसींच्या दोन मात्रांत ठरावीक अंतर ठेवावे लागत असल्याने हे काम वर्ग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नये. त्यानंतर राज्याच्या ठरलेल्या नमुन्यावर डॉक्टरांची नोंद घ्यावी.

मुलाच्या बोलण्यात, चालण्यात किंवा शिकण्यात अडचण जाणवत असेल, तर वेगळा मार्ग खुला आहे आणि तो फार थोड्या पालकांना माहीत असतो याचे वाईट वाटते. आपल्या शाळा-जिल्ह्याकडे मूल्यमापनाची लेखी विनंती करावी. ते विनामूल्य असते आणि मूल पात्र ठरल्यास तीन वर्षांपासून विशेष शिक्षणाच्या सेवा मिळतात, कुटुंबाचे उत्पन्न त्यात आडवे येत नाही. हेड स्टार्टलाही किमान १० टक्के जागा अपंगत्व असलेल्या मुलांसाठी राखाव्या लागतात.

अर्ज दिल्यावर पोच जपून ठेवावी. प्रतीक्षा यादीत नाव गेले, तर दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता बदलताच कार्यालयाला कळवावे, आणि जागा देऊ केल्यावर ती स्वीकारण्याची मुदत त्याच दिवशी विचारून घ्यावी.