फुंकायच्या आधी कंबर मोजा

स्पायरोमेट्रीला, म्हणजे मशीनमध्ये जोरात फुंकून फुप्फुसांची हवा मोजायच्या तपासणीला, आलेले बरेच जण खुर्चीत बसायच्या आतच सांगतात, "वजन वाढलंय हो माझं." मी त्यांना आधी उंची मोजायला उभं करते. मशीन तुमचं अपेक्षित माप काढतं ते उंची, वय आणि लिंग यांवरून. वजन त्या गणितात धरलेलंच नसतं. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरनं 1846 साली दोन हजारांहून जास्त माणसांची मापं घेऊन फुप्फुसाची क्षमता उंचीबरोबर वाढते हे दाखवलं, ते अजून टिकून आहे. म्हणून चपला काढा, टाचा भिंतीला टेकवा आणि उंची आठवणीतून सांगू नका. दोन-चार सेंटिमीटर चढवून सांगितले तर अपेक्षित आकडा वर जातो आणि धडधाकट फुप्फुसंही कमी भरतात. पाठीला बाक असेल तर हात आडवे पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजतात.

मग कंबर. माझ्या मते वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी श्वासाबद्दल जास्त सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपून बघा, दोहोंच्या मध्यावर पट्टी आडवी गुंडाळा आणि सहज श्वास सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात). आकडा उंचीच्या निम्म्याच्या वर गेला, तर चरबी पोटात साठतेय असं धरा.

मांड्यांवरची चरबी श्वासाच्या फारशी आड येत नाही. पोटातली मात्र श्वासपटलाला खालून वर रेटते, त्याला खाली सरकायला जागा देत नाही. त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोघांचे रिपोर्ट वेगळे येऊ शकतात. सगळ्यात आधी घटतो तो ईआरव्ही, म्हणजे सहज श्वास सोडल्यावरही जोर लावून आणखी बाहेर काढता येते ती हवा. हा साठा आटला की फुप्फुसांच्या तळाकडच्या बारीक नळ्या लवकर मिटतात. उताणं झोपल्यावर पोट आणखी वर सरकतं, म्हणून अनेकांना तेव्हाच जास्त कोंडल्यासारखं होतं.

तपासणीच्या दिवशी पट्टा सैल ठेवा आणि आधीचे दोन तास भरपेट जेवू नका. ताठ बसा, पाय जमिनीला टेकवा. पोट फार मोठं असेल तर उभ्यानं श्वास जास्त खोल घेता येतो. तसं फुंकलं तर रिपोर्टवर नोंद करून घ्या. उभं राहणार असाल तर मागे खुर्ची हवीच, जोरात फुंकताना चक्कर येऊ शकते.

रिपोर्टमध्ये एफव्हीसी (खोल श्वास घेऊन जोरात फुंकलेली सगळी हवा) आणि एफईव्ही-वन (त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरलेले आणि त्यांचं गुणोत्तर ठीक असेल, तर नळ्या अरुंद झाल्याचं ते चित्र नाही. धाप लागते म्हणून दम्याचा शिक्का मारून घेण्याआधी हे डॉक्टरांशी बोला. पण सगळं पोटावर ढकलूनही चालत नाही. फुप्फुसांची एकूण क्षमता लठ्ठपणा टोकाचा असल्याशिवाय सहसा फारशी घटत नाही; ती बरीच कमी वाटली तर बॉडी प्लेथिस्मोग्राफीनं, म्हणजे बंद काचेच्या खोलीत बसवून करायच्या तपासणीनं, मोजून घ्यावी लागते, कारण स्पायरोमीटर ती मोजूच शकत नाही.

कंबर उतरली की ईआरव्ही बऱ्यापैकी परत येतो. पुन्हा तपासायला याल तेव्हा जुना रिपोर्ट आणा, त्यावर तेव्हाचा कमरेचा आकडा लिहिलेला असू द्या, आणि मागच्या वेळी बसून फुंकलं असेल तर याही वेळी बसूनच फुंका.