मुनस्यारीला जाताय तर हे आधी वाचून घ्या

सुट्टीचे प्लॅन सुरू झाले की कुणीतरी म्हणतंच, नैनिताल-मसुरी नको यार, जाम गर्दी असते, दुसरं काहीतरी सांग. तर दुसरं काहीतरी म्हणजे मुनस्यारी. उत्तराखंडच्या कुमाऊँमधलं, पिथौरागढ जिल्ह्यातलं गाव, समोर पंचचुलीची पाच शिखरं (पांडवांनी स्वर्गाला जाण्याआधी शेवटचा स्वयंपाक इथं केला म्हणतात) आणि खाली दरीत गोरीगंगा. गावच साधारण 2200 मीटरवर आहे, आपलं कळसूबाई 1646, म्हणजे बाजारात चहा पीत बसलात तरी तुम्ही कळसूबाईच्या वरच असता. पण 'दोन रात्रीत उरकू' असा विचार असेल तर मग नैनितालच करा, खरंच सांगतोय.

कारण रस्ता. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस पकडली की पहाटे काठगोदाम, तिथून मुनस्यारी पावणेतीनशे-तीनशे किमी, पण हे आकडे हायवेच्या हिशोबाने वाचू नका, सगळा घाट आहे, दहा-बारा तास सहज जातात. काठगोदामजवळच्या हल्द्वानीहून शेअर जीप सकाळी लवकर सुटतात, उशिरा गेलात तर त्या दिवशीचं विसरा. गाडी लागणाऱ्यांनी पुढची सीट मागून घ्या, लाजायचं नाही. माझं मत विचाराल तर एका दमात जाऊच नका, चौकोडी किंवा बेरीनागला एक मुक्काम टाका. वाटेत अल्मोड्याच्या पुढे चितईचं गोलू देवतेचं मंदिर लागतं, तिथं उतराच. हा न्यायाचा देव, लोक चक्क स्टॅम्प पेपरवर तक्रारअर्ज लिहून टांगतात आणि काम झालं की घंटा बांधतात, अख्खं आवार घंटा आणि कागदांनी भरलेलं असतं. थलच्या पुढे बिर्थीचा धबधबा, मग कालामुनी खिंडीचा चढ, आणि कालामुनी ओलांडलं की हवा साफ असेल तर पंचचुली एकदम समोर.

साफ असेल तर. शिखरं सकाळी मोकळी दिसतात, दुपारनंतर ढग येतात, कधीकधी दोन दोन दिवस काहीच दिसत नाही. म्हणून मुनस्यारीत किमान चार रात्री ठेवा आणि परतीच्या ट्रेनआधी एक दिवस रिकामा सोडा, दरड कोसळली तर तोच कामी येतो.

आता सीझन. आपल्याकडे ट्रेक म्हणजे जून-जुलै, धुकं, धबधबे, कांदाभजी. ती सवय इथं आणू नका. पावसात इथले डोंगर खाली येतात, रस्ते बंद होतात. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, बस. मार्च-एप्रिलमध्ये बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, जंगलच्या जंगल लाल, त्याचं सरबतही मिळतं. आकाश स्वच्छ हवं असेल तर ऑक्टोबर. थंडीत बर्फ बघायला जातात लोक, पण कालामुनीला रस्ता अडू शकतो हे धरून चाला.

ट्रेकमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने खलिया टॉप करावा. थलच्या रस्त्यावर बलाती बेंडपासून चढ सुरू होतो, आधी ओक आणि बुरांशचं दाट जंगल, मग झाडं संपतात आणि बुग्याल लागतं, म्हणजे उघडं गवताळ माळरान. वर साधारण 3500 मीटर. सह्याद्रीत पळत सुटणारी मंडळी इथं पण पळतात आणि मग डोकं धरून बसतात, हवा विरळ आहे बाबांनो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच निघू नका, एक दिवस गावातच फिरा, पाणी पीत राहा, आणि डोकं दुखून मळमळायला लागलं तर हट्ट न करता खाली या. गाईड गावातलाच घ्या, धुकं उतरलं की बुग्यालात वाट दिसत नाही. मिलम ग्लेशियरचा ट्रेक ही वेगळी गोष्ट, त्याला आठवडाभर हवा आणि परमिट मुनस्यारीतच काढावं लागतं, ओळखपत्राच्या झेरॉक्स जवळ ठेवा.

पण नुसतं ट्रेक करून आलात तर अर्धंच बघितलंत. हा जोहार खोऱ्यातल्या शौका लोकांचा भाग. उन्हाळ्यात वर मिलमकडे, थंडीत खाली, आणि मधे तिबेटशी व्यापार, इकडून धान्य-गूळ-कापड जायचं, तिकडून मीठ, लोकर आणि सुहागा (टाकणखार) यायचा. 1962 च्या युद्धानंतर ते सगळं थांबलं आणि वरची गावं ओस पडत गेली. ब्रिटिशांसाठी वेष बदलून ल्हासापर्यंत पावलं मोजत गेलेला नैनसिंह रावत मिलम गावचाच, जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी ठेवून दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा! हे सगळं नीट समजून घ्यायचं तर शेरसिंह पांगती या निवृत्त शिक्षकांनी स्वतःच्या घरात उभं केलेलं संग्रहालय बघा, जुनी भांडी, लोकरीचे कपडे, व्यापाराचं सामान, दोन तास कुठे जातात कळत नाही.

राहायला हॉटेल नको, सरमोलीत होमस्टे घ्या. बाजारापासून जवळच आहे, गावातल्या बायकाच चालवतात, 2023 मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने सर्वोत्तम पर्यटन गावांमध्ये निवडलेलं गाव आहे. यजमान बाईंना दीदी म्हणा, घरातल्या आजीला आमा, आणि मोठ्यांना 'पैलाग' म्हणालात की चेहरे खुलतातच. मेन्यू कार्ड नसतं, घरात शिजेल ते जेवायचं. मडुवा म्हणजे आपली नाचणी, त्याची रोटी, भट्टची (काळ्या सोयाबीनची) चुडकाणी म्हणजे आमटी, आलूचे गुटके, भांगेच्या बियांची चटणी (नाही, चढत नाही) आणि राजमा. 'ज्या' असं नाव असलेला लोणी-मिठाचा चहा पण मिळाला तर घ्या, चहा म्हणून नाही, सूप समजून प्या म्हणजे आवडेल. फोटो काढायचा तर आधी विचारा. मे-जूनमध्ये बरीच घरं रिकामी वाटतील, लोक वर कीडाजडी (अळीवर उगवणारी महागडी औषधी बुरशी) गोळा करायला गेलेले असतात, त्या धंद्याच्या फार चौकशा करत बसू नका.

एटीएमवर विसंबू नका, रोख ठेवा. आणि खरेदी करायची तर जवळच्या दरकोट गावाला जा, बायका घरी मागावर शाली आणि दन म्हणजे लोकरीचे गालिचे विणतात. तिथं घासाघीस करायला जीव होत नाही, आणि करूही नये, एका गालिच्याला किती दिवस जातात ते मागासमोर बसून विचारा आणि मग भाव ऐका. राजमा बाजारातून घेताना मात्र मुनस्यारीचाच आहे ना ते दोनदा विचारून घ्या, जीआय टॅग मिळाल्यापासून नाव सगळेच लावतात.