जुन्या दुनळीचा मूळ मालक शोधताय? या चुका टाळा

संस्थानी घराण्यातली म्हणून एखादी दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) विकायला आली की तिच्यासोबत एक गोष्ट हमखास येते: महाराजांनी याच बंदुकीने अमुक मारला, तमुक व्हाइसरॉयला हीच दाखवली. गोष्ट खरी असेलही, पण भाव ठरतो कागदांवर. थिओडोर रूझवेल्ट यांना १९०९ च्या आफ्रिका मोहिमेसाठी फॉक्स या अमेरिकन बंदूक कंपनीने भेट दिलेली बारा बोअरची (नळीच्या रुंदीचं माप) दुनळी २०१० मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ८,६२,५०० डॉलरला गेली. बंदुकीवर रूझवेल्ट यांचं नाव कोरलेलं होतं आणि भेटीबद्दलचा पत्रव्यवहारही उपलब्ध होता. तशीच फॉक्स, पण नाव-कागद काही नसलेली, त्या रकमेच्या आसपासही फिरकत नाही.

पहिली चूक होते ती नंबरात. दोन्ही चेंबर रिकामी आहेत याची खात्री करा, पुढचं लाकूड काढा, नळ्या उतरवा आणि भिंग घेऊन बसा. इंग्रजी बंदुकीचा नंबर बहुधा ट्रिगर गार्डच्या मागच्या पट्टीवर कोरलेला असतो. तोच नळ्यांखाली, अ‍ॅक्शनवर (नळ्या जिथे बसतात तो यंत्राचा भाग) आणि पुढच्या लाकडातल्या लोखंडावर जुळायला हवा. अनेकांना आधी दिसतो तो मात्र पेटंटचा नंबर. बॉक्सलॉक या चाप-यंत्राच्या रचनेचं पेटंट वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज बंदूक कंपनीतल्या अँसन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये घेतलं. दुसरे कारखाने ती रचना परवानगीने वापरत आणि प्रत्येक बंदुकीवर पेटंट वापराचा वेगळा आकडा ठोकत. हा आकडा देऊन बनवणाऱ्या कंपनीकडे मूळ गिऱ्हाइकाची चौकशी केली तर उत्तर येतं ते भलत्याच बंदुकीबद्दल, नाहीतर येतच नाही.

नळ्यांचा आणि अ‍ॅक्शनचा नंबर जुळत नसेल तर लगेच ‘नकली’ म्हणू नका. उंची बंदुका जोडीने घेतल्या जात आणि त्यांवर सोन्यात १ आणि २ असे आकडे भरलेले असत. भावाभावांच्या वाटणीत जोड्या फुटल्या, क्वचित एकीच्या नळ्या दुसरीला लागल्या. कधी नळ्याच नव्या बसवलेल्या असतात. इथे प्रूफचे, म्हणजे नळ्यांची ताकद तपासल्याचे सरकारमान्य शिक्के कामाला येतात. मुकुटाखाली ‘एनपी’ असा नायट्रो पावडरचा (बिनधुराच्या दारूचा) शिक्का १९०४ नंतरचा. सांगणारा ‘ही १८८५ पासून आहे तशीच आहे’ म्हणत असेल आणि नळ्यांवर हा शिक्का असेल, तर बंदूक मधे एकदा तरी प्रूफ हाऊसला जाऊन आली आहे. आणि लंबगोलात ‘ईएलजी’ दिसलं तर लंडन विसरा, तो बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ नावाच्या ढीगभर स्वस्त बेल्जियन दुनळ्या वेस्टली रिचर्ड्सच्या नावावर खपवल्या गेल्या, अजूनही खपतात.

बॅरलवरचं नाव म्हणजे बनवणारा, हा दुसरा घोळ. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे. त्या सोसायटीच्या नावाच्या बंदुका बर्मिंगहॅमहून, बरेचदा वेब्ली अँड स्कॉटकडून, बनवून घेतलेल्या असत. कलकत्त्याच्या रॉडा आणि मँटन या दुकानांचंही तसंच. लंडनचा नामांकित जोसेफ मँटन १८३५ मध्येच वारला, त्यामुळे हॅमरलेस (बाहेर घोडे नसलेल्या, नंतरच्या काळातल्या) दुनळीवर मँटन वाचून हुरळून जाऊ नये. दुकानाच्या विक्रीच्या वह्या मात्र शोधाव्यात, कारण गिऱ्हाइकाचं नाव तिथेच. आर्मी अँड नेव्ही पुढे हाऊस ऑफ फ्रेझर या ब्रिटिश दुकान-कंपनीकडे गेली आणि तिच्या बंदुकांच्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठात जाऊन पडल्या. लोक लंडनमध्ये शोधत बसतात.

आपल्याकडच्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे किताबाला माणूस समजणं. विक्रीच्या वहीत ‘हिज हायनेस द गायकवाड ऑफ बडोदा’ एवढंच सापडलं की लगेच ‘सयाजीराव महाराजांची बंदूक’! तारीख बघा ना. १८७० पर्यंत गादीवर खंडेराव होते, नंतर मल्हारराव, आणि १८७५ मध्ये सयाजीराव दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते; पूर्ण अधिकार मिळाले १८८१ मध्ये. म्हणजे १८७८ ची ऑर्डर त्यांच्या नावावर असली तरी ती दरबाराने दिली असण्याचीच शक्यता जास्त. ग्वाल्हेरलाही हेच: १८८६ मध्ये जयाजीराव गेले तेव्हा माधवराव शिंदे दहाच्या आतबाहेर होते. शिवाय शिकारखान्याच्या बंदुका पाहुण्यांच्याही हाती जात. म्हणून ‘बडोदे दरबारासाठी घेतलेली’ असं लिहा, ‘महाराजांची आवडती’ नको.

शोधताना स्पेलिंगही एकच धरून चालत नाही. इंग्रज कारकुनाने गायकवाडचं गायकवार, कोल्हापूरचं कोलापोर केलेलं असतं. संस्थानाच्या बाजूचा कागद हवा असेल तर बडोदा किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात खासगी खात्याचे जमाखर्च चाळावे लागतील, आणि त्यातले बरेच मोडीत असतात. मोडी वाचणारा आधी गाठा, मग प्रवासाचं तिकीट काढा.

बनवणारी कंपनी जुन्या वह्या पाहून जे माहितीचं पत्र देते, त्याबद्दलही गैरसमज आहे. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज कंपन्यांकडे जुन्या वह्या आहेत. अमेरिकेत पार्कर या तिथल्या जुन्या कंपनीच्या बंदुकांसाठी त्या बंदुकांच्या संग्राहकांची संघटना मूळ वह्यांवरून पत्र देते. हे पत्र पहिली ऑर्डर सांगतं, नळ्यांची लांबी, दस्त्याचं माप सांगतं. बंदूक दुरुस्तीला परत आली असेल तर कधीकधी दुसरा मालकही कळतो. त्यापुढचं त्यात नसतं. बर्मिंगहॅमच्या कित्येक लहान कारखान्यांच्या वह्या तर उरलेल्याच नाहीत. तिथे अंदाजाने नाव भरू नका. ‘१९११ ते १९४८ नोंद नाही’ असं सरळ लिहिलेली टिपणी जाणकार ग्राहक जास्त विश्वासाने वाचतो.

चामड्याच्या पेटीवरच्या आद्याक्षरांना फार भाव देऊ नये. पेट्या अदलाबदल होतात. दस्त्यातल्या चांदीच्या लंबगोल पत्र्यावरचं चिन्ह त्यापेक्षा बरं, पण तोही काढून नवा बसवता येतो. भोवतीच्या लाकडात फट किंवा लाखेचा भराव दिसतो का ते पाहा, आणि कृपा करून पॉलिशवाल्याकडे देऊ नका.

घरातच असलेला पुरावा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: आजोबांच्या शस्त्रपरवान्याची वही. तिच्यात बंदुकीचा नंबर, नूतनीकरणाचे शिक्के आणि काडतुसं कधी किती घेतली याच्या नोंदी असतात. तीस-चाळीस वर्षांची मालकी एका वहीत सिद्ध होते. मालक वारल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते आणि वारसाला स्वतःचा परवाना लागतो. या धावपळीत मूळ वही कचेरीत जाते ती परत येतेच असं नाही. ती देण्याआधी पानन्‌पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा, आणि जमा केल्याची पावती त्याच फायलीत ठेवा.